यंत्र येण्यापूर्वीचा प्रश्न

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



कामगार चळवळीला यंत्राचा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत सहा महिने चाललेला जो सार्वत्रिक संप झाला, त्याच्या मुळाशी ‘रॅशनलायझेशन’ हाच शब्द होता. एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कताई खात्यातील कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी मालकांची योजना होती. वाढलेल्या कामाचा मोबदला काय, आणि ज्याच्या हातचे काम गेले त्याने जायचे कोठे, हा कामगारांचा सवाल होता. पुढे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने या सवालाला तत्त्वतः उत्तर दिले. नवी पद्धत आणताना कोणाला कामावरून कमी करू नये, कामाचा बोजा तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावा आणि होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा कामगाराला मिळावा, असे तेथे मान्य झाले. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकीकरणाविषयी जो करार केला, तोही याच परंपरेतला होता.

हे सर्व लढे रोजगारासाठी आणि वेतनासाठी झाले. ते आवश्यकच होते. परंतु यंत्राच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. येऊ घातलेले यंत्र त्या कामाला योग्य आहे की नाही, हे कोणाला कळते? ते विकत घेणाऱ्या अधिकाऱ्याला, ते बनविणाऱ्या कंपनीला, की ते रोज आठ तास हाताळणाऱ्या माणसाला? आणि हे ज्ञान जर त्या माणसापाशी असेल, तर यंत्र येण्यापूर्वी त्याची तपासणी करण्याचा हक्क त्याच्या संघटनेला असावा की नसावा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील हवाई वाहतूक नियंत्रकांचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. त्याला दोन कारणे आहेत. एक असे, की या नोकरांना संप करणे हा तेथील कायद्याने गुन्हा आहे; तेव्हा संपाच्या जोरावर काय मिळते याची भेसळ या उदाहरणात होत नाही. दुसरे असे, की या कामात चुकीचा हिशेब वर्षअखेरीच्या ताळेबंदात नव्हे, तर काही सेकंदांत होतो.

नियंत्रकाचे ज्ञान कोठे असते?

रडारच्या पडद्यावर एका नियंत्रकाच्या वाट्याला आकाशाचा एक तुकडा येतो. त्यातून जाणाऱ्या सर्व विमानांमध्ये ठरावीक अंतर राखणे हे त्याचे काम. लांब पल्ल्याच्या मार्गावर रडारखाली हे अंतर सामान्यतः पाच सागरी मैलांचे, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरचे असते. अथवा उंचीत एक हजार फुटांचे. सव्वानऊ किलोमीटर हे अंतर ऐकायला मोठे वाटते. परंतु ताशी नऊशे किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने ते सुमारे अठरा सेकंदांत कापतात. नियंत्रकाला नजर पडद्यावरून हलवावी लागली, एखादे बटण शोधावे लागले, तर या अठरातले तीन-चार सेकंद तेथेच खर्ची पडतात.

अनेक दशके या नियंत्रकांचे एक मुख्य साधन होते ते कागदाची अरुंद पट्टी. एका विमानाला एक पट्टी; तिच्यावर विमानाचा क्रमांक, मार्ग, उंची आणि वेळ. या पट्ट्या उभ्या फळीवर ओळीने लावलेल्या असत. दिलेली प्रत्येक आज्ञा नियंत्रक त्यावर पेनाने लिहीत असे. एखाद्या विमानाचा प्रश्न सुटलेला नसेल तर त्याची पट्टी तो ओळीतून किंचित बाहेर ओढून तिरकी ठेवी. शेजारचा सहकारी नुसत्या नजरेने ओळखत असे की येथे काहीतरी अडले आहे. विचारण्याची गरज पडत नसे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास लंडनच्या नियंत्रण केंद्रात बसून या पट्ट्यांचा अभ्यास केला. त्यातून दिसले ते असे, की पट्टी ही केवळ माहितीची नोंद नव्हती. अनेकांनी मिळून करावयाच्या कामाची ती सामाईक स्मृती होती.

बाहेरून आलेला अभियंता पट्टीवरील सर्व माहिती संगणकात भरू शकतो आणि तरीही तिरक्या ठेवलेल्या पट्टीचा अर्थ त्याच्या हातून निसटू शकतो. हा अर्थ कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेला नसतो. तो काम करणाऱ्यांच्या सवयीत असतो, आणि म्हणूनच तो त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

१९८१ : संप आणि त्यानंतरचे मौन

नियंत्रकांची पहिली मोठी संघटना ‘पॅटको’ १९६८ साली स्थापन झाली. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तिने संप पुकारला आणि सुमारे तेरा हजार नियंत्रक बाहेर पडले. पगारवाढ आणि बत्तीस तासांचा आठवडा या त्यांच्या मागण्या होत्या. याच संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रोनाल्ड रीगन यांना पाठिंबा दिला होता, हा इतिहासातील विपर्यास विसरण्याजोगा नाही. रीगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि ५ ऑगस्टला अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. ऑक्टोबरमध्ये संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. बडतर्फ झालेल्यांना पुन्हा नोकरीत घेण्यावरील बंदी उठली ती तब्बल बारा वर्षांनी, १९९३ साली.

या घटनेचा अर्थ सामान्यतः संघटित कामगारांचा पराभव असा लावला जातो, आणि तो खराच आहे. परंतु संपाच्या मागे केवळ पगार नव्हता. सरकारनेच नेमलेल्या एका समितीने १९८२ साली अहवाल दिला, त्यात विमानवाहतूक प्रशासनाची माणसे हाताळण्याची रीत ताठर आणि संवेदनाशून्य असल्याचे नमूद केले. बडतर्फीने नोकऱ्या गेल्या, तसेच एका पिढीचे ज्ञानही दाराबाहेर गेले.

त्याच सुमारास, १९८२च्या आरंभी, प्रशासनाने संपूर्ण हवाई वाहतूक नियंत्रणाच्या आधुनिकीकरणाची वीस वर्षांची योजना जाहीर केली. तिचा कणा असलेली ‘ॲडव्हान्स्ड ऑटोमेशन सिस्टिम’ आखली जात होती, त्या वर्षांत नियंत्रकांची मान्यताप्राप्त संघटनाच अस्तित्वात नव्हती. संपानंतर भरती झालेल्या नियंत्रकांनी ‘नॅशनल एअर ट्रॅफिक कंट्रोलर्स असोसिएशन’ ही नवी संघटना उभी केली आणि तिला मान्यता मिळाली ती १९८७ साली. ज्यांनी संपकऱ्यांची जागा घेतली, त्यांनाच सहा वर्षांत संघटनेची गरज भासली, ही गोष्ट बोलकी आहे.

कायद्याने दिलेला अधिकार आणि न दिलेला

या नव्या संघटनेच्या हाती काय होते? अमेरिकेतील सरकारी नोकरांच्या सामूहिक सौद्याचा कायदा १९७८ सालचा आहे. त्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. काम कोणत्या तंत्राने, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या साधनांनी करावयाचे, या विषयावर संघटनेशी बोलणी करावी की नाही, हे त्या कायद्याने व्यवस्थापनाच्या मर्जीवर सोडले आहे. मात्र निर्णय अंमलात आणण्याची रीत आणि त्या निर्णयाने ज्यांना झळ पोहोचेल त्यांच्यासाठीची योग्य व्यवस्था, यांवर बोलणी करणे बंधनकारक आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की यंत्र कोणते घ्यावे हे विचारण्याचा संघटनेला अधिकार नाही. यंत्राने बोट चिरडले तर मलमपट्टी कोणी करावी हे विचारण्याचा आहे. ज्ञानाचा उपयोग ज्या क्षणी सर्वांत अधिक, त्या क्षणी दार बंद. आणि जेव्हा पैसा खर्च होऊन गेलेला, करार झालेला, मान अडकलेली, तेव्हा दार उघडे.

१९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून संघराज्य सरकारच्या खात्यांना तंत्र आणि साधने या विषयांवरही बोलणी करण्यास सांगितले. २००१ साली बुश यांनी तो आदेश रद्द केला. २००९ साली ओबामा यांनी, निर्णयापूर्वी संघटनेचा विचार घ्यावा, ही व्यवस्था मर्यादित स्वरूपात पुन्हा आणली. २०१७ साली ट्रम्प यांनी ती मोडली. मार्च २०२५ मध्ये तर राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली अनेक खात्यांतील सामूहिक सौद्याचा अधिकारच अध्यक्षीय आदेशाने काढून घेण्यात आला. आदेशाने आलेला हक्क आदेशानेच जातो. तो हक्क नव्हेच. ती सवलत होय.

तीन यंत्रणांचा अनुभव

आता प्रत्यक्ष काय घडले ते पाहू.

पहिली यंत्रणा म्हणजे वर उल्लेखिलेली ॲडव्हान्स्ड ऑटोमेशन सिस्टिम. तिचे कंत्राट १९८८ साली आयबीएम कंपनीला मिळाले. आरंभी अडीच अब्ज डॉलरचा असलेला अंदाज सात अब्जांवर गेला आणि १९९४ साली योजनेचे मोठे भाग रद्द करावे लागले. एक अब्जाहून अधिक डॉलर पाण्यात गेले. या अपयशाची कारणे अनेक होती. अवाजवी महत्त्वाकांक्षा होती, ढिसाळ देखरेख होती. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की गरजांची यादी सतत बदलत गेली. योजनेच्या पुढच्या टप्प्यात नियंत्रकांनाही विचारले गेले, परंतु कोणती सूचना आवश्यक आणि कोणती केवळ सोयीची, हे ठरविण्याची शिस्त कोणापाशीच नव्हती. कागदाच्या पट्टीची जागा पडद्यावर कशी घ्यावी, हा वाद दीर्घकाळ घोळत राहिला.

या अनुभवातून प्रशासनाने जो धडा घेतला, तो मात्र विपरीत होता. गोंधळ विचारल्यामुळे झाला, तेव्हा आता विचारूच नये, असा तो धडा. १९९६ साली विमानतळांच्या परिसरातील नियंत्रणासाठी ‘स्टार्स’ या यंत्रणेचे कंत्राट रेथिऑन कंपनीला देण्यात आले. बाजारात तयार असलेला माल घ्यावा आणि फारसे फेरफार न करता बसवावा, ही कल्पना होती. खर्चाचा अंदाज ९४ कोटी डॉलर.

१९९७ साली नियंत्रकांनी ती यंत्रणा पाहिली आणि त्यांचे आक्षेप थेट काँग्रेसच्या समितीपर्यंत पोहोचले. जुन्या यंत्रावर पडद्याची तीव्रता किंवा व्याप्ती बदलण्यासाठी हाताशी गोल बटणे असत. नजर पडद्यावरच ठेवून ती फिरविता येत. नव्या यंत्रात त्यांची जागा पडद्यावर उघडणाऱ्या याद्यांनी घेतली होती. उघडलेली चौकट अपारदर्शक असल्याने तिच्याखाली विमान झाकले जाण्याचा संभव होता. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या संघटनेनेही धोक्याच्या सूचनांविषयी आपले आक्षेप मांडले. या तक्रारी पगाराविषयी नव्हत्या, नोकऱ्यांविषयीही नव्हत्या. अठरा सेकंदांतील तीन-चार सेकंदांविषयीच्या त्या होत्या. परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनीही आरंभापासून नियंत्रक व तंत्रज्ञ यांचा पुरेसा सहभाग नसल्यावर बोट ठेवले.

शेवटी प्रशासन आणि दोन्ही संघटना एकत्र बसल्या, आक्षेपांची यादी झाली आणि यंत्रणेत बदल करण्यात आले. १९९९पर्यंत खर्चाचा अंदाज १ अब्ज ४० कोटी डॉलरवर गेला. फिलाडेल्फियासारख्या मोठ्या केंद्रात ती यंत्रणा कामाला लागली ती २००२ साली. जे प्रश्न कागदावर असताना काही बैठकांत सुटले असते, ते यंत्र तयार झाल्यावर कोट्यवधी डॉलरना सोडवावे लागले.

एवढे झाल्यावर धडा पक्का व्हावयास हवा होता. तो झाला नाही. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठीच्या वीस केंद्रांत ‘इरॅम’ ही नवी यंत्रणा आणण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. त्याच काळात प्रशासन आणि संघटना यांचे संबंध बिघडले. वाटाघाटी फिसकटल्या आणि २००६ साली प्रशासनाने कामाच्या अटी एकतर्फी लादल्या. तांत्रिक योजनांवर काम करणारे संघटनेचे प्रतिनिधी त्यापूर्वीच दूर सारले गेले होते. अनुभवी नियंत्रक मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागले. २००९-१०च्या सुमारास सॉल्ट लेक सिटी येथील केंद्रात यंत्रणा प्रत्यक्ष चालवून पाहिली, तेव्हा एका विमानाची माहिती दुसऱ्या विमानाला चिकटणे, एका केंद्राकडून दुसऱ्याकडे विमान सोपविताना अडथळा येणे, असे दोष उघड झाले. २०१०च्या अखेरीस संपावयाचे काम रेंगाळले आणि २०११ साली त्यासाठी आणखी ३३ कोटी डॉलर मंजूर करावे लागले.

२००९ साली नवा करार झाला होता. त्यानंतर नियंत्रकांचे प्रतिनिधी पुन्हा चाचणीच्या कामात आले. दोष कोणता, तो किती गंभीर, आणि तो दूर झाला की नाही, हे ठरविताना प्रत्यक्ष काम करणारी माणसे टेबलाशी बसू लागली. मार्च २०१५ मध्ये वीसही केंद्रांत ही यंत्रणा सुरू झाली.

या अनुभवातून एक सूत्र हाती येते. न विचारण्याची किंमत मोठी आहे. आणि शिस्तीशिवाय विचारण्याचीही किंमत आहे. काम पुढे सरकले ते ठरलेल्या रीतीने, ठरलेल्या माणसांना, वेळेवर विचारले तेव्हाच.

कार्यपद्धती हेही एक यंत्रच

बदल केवळ यंत्राचा असतो असे नाही. कामाच्या पाळ्या, विश्रांतीची वेळ, आकाशाच्या तुकड्यांची फेरआखणी, हे सारे कागदावर होणारे बदल तितकेच गंभीर असतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकन प्रशासनाने जाहीर केले की दोन पाळ्यांमध्ये नियंत्रकाला दहा तासांची आणि मध्यरात्रीच्या पाळीपूर्वी बारा तासांची विश्रांती मिळेल. वरवर पाहता कोणतीही संघटना याचे स्वागतच करील. परंतु असोसिएशनने शंका उपस्थित केली. नियंत्रकांची संख्या आधीच अपुरी आहे; तेव्हा पाळ्यांची मांडणी करून न पाहता नियम लागू केला, तर काही पाळ्या रिकाम्या पडतील, असे तिचे म्हणणे होते. जुलैमध्ये दोन्ही पक्षांचा समझोता झाला आणि मगच नियमाला व्यवहार्य रूप आले.

या प्रसंगाचे महत्त्व असे, की नियम कामगारांच्या हिताचा असूनही तपासणीची गरज संपली नाही. हेतू चांगला असणे ही एक गोष्ट आणि बदल नीट बसणे ही दुसरी. वरून आलेले हितदेखील वरूनच आलेले असते.

आक्षेपांचा विचार

या हक्कावर घेतले जाणारे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप असा, की तपासणीच्या नावाखाली संघटना नकाराधिकार गाजवील आणि सुधारणा अडेल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे मुदत. संघटनेने ठरावीक दिवसांत, लेखी, कारणांसह आक्षेप नोंदवावेत. व्यवस्थापनाने त्यांना लेखी उत्तर द्यावे. मतभेद उरला तर त्रयस्थ तज्ज्ञाने निर्णय करावा.

दुसरा आक्षेप असा, की माणूस हाताला सवय झालेल्या गोष्टीलाच सुरक्षित समजतो. हेही खरे आहे. म्हणूनच आक्षेपांची वर्गवारी हवी: यंत्र सुरू होण्यापूर्वी दूर झालाच पाहिजे असा दोष कोणता, आणि सवयीने सुटणारी अडचण कोणती. संघटनेला ही वर्गवारी स्वतः करता आली पाहिजे. प्रत्येक तक्रार सारख्याच आवाजात मांडणाऱ्या संघटनेचे खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी ऐकत नाही.

तिसरा आक्षेप समाजवाद्यांनीच घेतला पाहिजे. व्यवस्थापनाच्या टेबलाशी बसता बसता संघटना त्याच टेबलाचा एक पाय होऊन जाते. अमेरिकन असोसिएशनने २०१६ आणि २०१७ साली, हवाई वाहतूक नियंत्रण सरकारी प्रशासनातून काढून वेगळ्या ना-नफा महामंडळाकडे देण्याच्या विधेयकांना पाठिंबा दिला होता. निधीची अनिश्चितता हे तिचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. विधेयके पुढे गेली नाहीत. परंतु सार्वजनिक सेवेची मालकी कोणाची, या प्रश्नावर कर्मचाऱ्यांची सोय आणि जनतेचे हित एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे या प्रसंगाने दाखविले. संघटनेचे ज्ञान अपरिहार्य आहे. पण म्हणून संघटना म्हणजेच जनता नव्हे. तपासणीचे निष्कर्ष प्रवाशांना आणि लोकप्रतिनिधींना खुले असले पाहिजेत, ते यासाठीच.

आपल्याकडील स्थिती

हा सारा विषय दूरदेशीचा आहे असे कोणी समजू नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने आदळून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले, असे चौकशीत निष्पन्न झाले. परंतु दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर त्या वेळी विमानाची उंची दिसतच नव्हती, कारण तेथील रडार जुन्या पद्धतीचे होते. आणि येणारी व जाणारी विमाने एकाच मार्गपट्ट्यातून सोडली जात होती. येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, विमानात टक्कर टाळणारे उपकरण सक्तीचे झाले, ते यानंतर. कार्यपद्धतीची तपासणी झाली खरी, पण ३४९ प्रेतांच्या साक्षीने झाली.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली विमानतळावर उड्डाणांचे संदेश पोहोचविणारी संगणकयंत्रणा कोलमडली आणि नियंत्रकांना हे काम हाताने करावे लागले. आठशेहून अधिक विमानांना विलंब झाला. दिल्ली व मुंबई येथील स्वयंचलित यंत्रणांची कार्यक्षमता घसरत आहे, तिचा नियमित आढावा घ्यावा, असे नियंत्रकांच्या गिल्डने त्याआधी काही महिने संसद-सदस्यांना लिहून कळविले होते. इशारा नेमका ज्या यंत्रणेविषयी होता तीच बिघडली की दुसरी, हा तांत्रिक वाद तज्ज्ञांनी करावा. चळवळीच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. काम करणाऱ्यांना आपला इशारा नोंदविण्यासाठी संसद-सदस्यांना पत्र का लिहावे लागावे? कामाच्या जागीच त्याला ठरलेला मार्ग, ठरलेली मुदत आणि उत्तर देण्याचे बंधन का नसावे?

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक तातडीचा आहे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. आणि तेवढ्यावर देशातील अत्यंत गजबजलेली वाहतूक चालते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. जमिनीवर विमानतळ दोन झाले, तरी त्यांच्या वरचे आकाश एकच आहे. त्याची वाटणी, मार्गांची आखणी, पाळ्यांची रचना, ही कामे वाहतूक वाढेल तसतशी पुनःपुन्हा करावी लागतील. प्रत्येक फेरआखणीपूर्वी नियंत्रकांच्या संघटनेचे मत लेखी घेतले जाते का, आणि ते प्रसिद्ध होते का, हे विचारण्याचा अधिकार मुंबईच्या प्रत्येक नागरिकाला आहे. लोकलने जाणारा असो की विमानाने, तो याच आकाशाखाली राहतो.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे, परिशिष्टातील बाबींत बदल करण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची सूचना देणे आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. परंतु परिशिष्टाची भाषा नीट वाचली पाहिजे. यंत्रसामग्री किंवा तंत्र यांतील जी सुधारणा कामगारकपातीला कारण होण्याचा संभव आहे, तिच्यापुरतीच ती बाब मर्यादित आहे. नव्या तंत्राने कोणाची नोकरी जाणार नसेल, तर ते तंत्र कितीही धोक्याचे असो, त्या बाबीखाली कोणाला विचारण्याचे कारण नाही. शिवाय नियंत्रक अधिकारी श्रेणीत मोडतात. ‘कामगार’ या कायदेशीर व्याख्येत त्यांना बसविणे कठीण आहे. म्हणजे कामगाराला गमावण्यासारखी नोकरी असते हे आपल्या कायद्याला ठाऊक आहे. त्याला देण्यासारखे ज्ञान असते हे ठाऊक नाही.

चळवळीपुढील काम

यास्तव मागणी स्पष्ट असावी. तंत्र आणि कार्यपद्धती यांतील प्रत्येक महत्त्वाच्या बदलापूर्वी, कपात होवो वा न होवो, तो बदल वापरणाऱ्यांच्या संघटनेला त्याची पूर्ण माहिती मिळावी. प्रत्यक्ष चाचणीत संघटनेने निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांना त्यासाठी कामाच्या वेळेतून मोकळीक मिळावी. आक्षेप आणि त्यांची उत्तरे लेखी व खुली असावीत. सुरक्षिततेचा आक्षेप घेणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. आणि हे सर्व मंत्र्याच्या किंवा अध्यक्षाच्या कृपेवर नव्हे, तर कायद्यावर अवलंबून असावे.

ही मागणी केवळ विमानतळापुरती नाही. वीज मंडळाच्या भारनियंत्रण केंद्रात, रेल्वेच्या सिग्नल खात्यात, सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, एसटीच्या आगारात रोज काही ना काही नवे येत आहे. तेथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीला जाताना एवढे तीन प्रश्न बरोबर न्यावेत. हा बदल कोणी तपासला? तपासणाऱ्यांत हे काम हाताने करणारा माणूस होता का? आणि त्याने घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर कोठे लिहिलेले आहे?

हे प्रश्न विचारण्यासाठी संघटनेलाही तयारी करावी लागेल. यंत्राचा अभ्यास करणारे, तक्रारींची नोंद ठेवणारे, महत्त्वाचे आणि किरकोळ यांतला भेद जाणणारे कार्यकर्ते प्रत्येक शाखेत निर्माण व्हावे लागतील. घोषणा देणे त्या मानाने सोपे असते. परंतु १९२८ सालच्या गिरणी कामगारानेही केवळ घोषणा दिल्या नव्हत्या. तीन माग सांभाळताना नेमके काय होते, किती धागे तुटतात आणि किती वेळ उभे राहावे लागते, हे त्याला मालकाहून अधिक ठाऊक होते. त्याच्या लढ्याचे बळ त्या जाणकारीत होते. ती आज पडद्यापुढे बसणाऱ्या कामगारापाशीही आहे. तिला कायद्यात स्थान मिळवून देणे, हे काम अद्याप व्हावयाचे आहे.